किट कारमध्ये ईसीयू बसवायचा कुठं? (जिप्सी इंजिन, सेव्हन टाइप चासी)

शिरोलीचा_चासीवाला
मंडळी, चासी एकदाची चाकावर उभी राहिली. २५ मिमी चौकोनी पाइपची, सेव्हन टाइप, म्हणजे लोटसनं १९५७ ला काढलेल्या त्या दोन सीटरची बांधणी, लांब बोनेट, दरवाजे नाहीत, टप नाही. इंजिन गिअरबॉक्स जिप्सी किंगचा, १२९८ सीसी, १६ वाल्व्ह एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा पेट्रोल इंजेक्टर). जिप्सीच का, तर इंजिन मुळातच लांबीच्या दिशेनं बसलेलं असतंय आणि ट्रान्सफर केस (पुढच्या मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला जोडून नसते, वेगळी लटकलेली असते, ती काढली की प्रोपेलर शाफ्ट सरळ मागच्या एक्सलला. एवढं सगळं जमलंय.

आता वायरिंगला हात घालायचाय आणि तिथंच अडलोय. ईसीयू, म्हणजे इंजिनाचं इंधन आणि ठिणगी सांभाळणारा कॉम्प्युटर, कुठं बसवू? डोनर गाडीत, म्हणजे ज्या जिप्सीचं इंजिन घेतलं तिच्यात, तो डॅशखाली होता, कोरड्या जागी. ह्या गाडीत कोरडी जागा अशी नाहीच. माझ्या डोक्यात तीन जागा आहेत. एक, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) इंजिनच्या बाजूनं, म्हणजे वायर वाढवाय लागणार नाहीत. दोन, फायरवॉलच्या आतल्या अंगाला, शेजारी बसणाऱ्याच्या पायांच्या वर. तीन, सीटच्या मागं. सध्या ओरिजिनल ईसीयूच चालवणार आहे, पुढं जमलं तर स्पीडुइनो नाहीतर मेगास्क्वर्ट (स्वतः ट्यून करता येणारे ईसीयू) टाकायचा विचार आहे, तर जागा अशी हवी की तेव्हा परत सगळं उचकटाय लागू नये. ज्यांनी हात काळे केलेत त्यांनी सांगा.

उद्यमनगर_फिटर
पहिली जागा आधी डोक्यातनं काढ भावा. केबिनसाठी बनवलेला ईसीयू आणि बोनेटखालचा ईसीयू ह्यात जमीन अस्मानाचा फरक असतोय. केबिनमधल्याला साधारण ८५ डिग्रीपर्यंतची हवा धरून पार्ट निवडलेले असतात, इंजिनजवळ बसणाऱ्याला १०५ आणि त्याच्या वर. बाहेरनं दोन्ही ॲल्युमिनियमच्या डब्यासारखेच दिसतात म्हणून लोक फसतात. तुझा केबिनवाला आहे, त्याला सील नाही, कपलरला रबर नाही.

आणि गाडी पळत असताना फायरवॉलपाशी किती गरम होतंय ते बघून अंदाज बांधू नको. खरा त्रास इंजिन बंद केल्यावर होतोय. पाणी फिरायचं थांबलं, फॅन थांबला, वारा थांबला, आणि ब्लॉक आणि मॅनिफोल्डची सगळी गरमी बोनेटखाली तशीच कोंडून राहते, बंद केल्यानंतर दहा पंधरा मिनिटं टेंपरेचर चढतच जातंय. एप्रिलमध्ये आपल्याकडं बाहेरच ३८ ३९ असतंय, गाडी उन्हात लावली की बघायलाच नको. सेव्हनमध्ये बोनेट अरुंद आणि इंजिन फायरवॉलला खेटून, त्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड वीतभर अंतरावर.

जिप्सीवाला_गगनबावडा
गरमीचं फिटरदादांनी सांगितलं ते बरोबर, पण आमच्या भागात माणूस पहिलं पाण्याचं विचारतोय. माझी सॉफ्ट टॉप जिप्सी आहे, जून ते सप्टेंबर करूळ घाटात येणं जाणं असतंय. पाऊस वरनं पडतोय हा सगळ्यांचा समज, घाटात तो आडवा येतो, समोरच्या ट्रकच्या चाकातनं खालनं येतो, आणि काचेच्या बुडातनं डॅशच्या मागं झिरपतो. टप असून हे हाल, तुझ्या गाडीला तर टपच नाही.

तू दोन नंबरची जागा घेतलीस तर काउलवर, म्हणजे काचेखालच्या पत्र्यावर, एवढी भोकं असतात, वायपरचं, काचेच्या ब्रॅकेटचे बोल्ट, बोनेट जिथं काउलला टेकतंय ती फट, ह्या प्रत्येकातनं पाणी येणार हे धरूनच चाल. माझ्या मते ईसीयू एका वॉटरप्रूफ डब्यात घालून टाक, तो बिल्डिंगच्या टेरेसवर लावतात तसला पीव्हीसी जंक्शन बॉक्स मिळतोय, झाकणाला रबर असतंय, वायर ग्लँडमधनं आत घ्यायच्या, विषय संपला.

सर्किट_ताई
जिप्सीवाले दादा, डब्याची कल्पना ऐकायला चांगली वाटते पण मी कंट्रोलर बोर्डच्या कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण ह्याच डब्यांनी खराब झालेले बोर्ड बघून बघून जीव कळवळतो.

बंद डबा गरम झाला की आतली हवा फुगते, थोडी थोडी कुठनं तरी बाहेर जाते. मग अचानक पाऊस आला किंवा कुणी पाइपनं गाडी धुतली की डबा एकदम गार होतो, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि डबा पाणी ओढून घेतो. ग्लँडच्या फटीतनं घेतो, झाकणाच्या रबराखालनं घेतो, आणि काहीच नाही मिळालं तर वायरच्या आतल्या तारांमधनं घेतो, इन्शुलेशन आणि तांब्याच्या मधली पोकळी पुरेशी असते. एकदा आत गेलेलं पाणी मात्र बाहेर यायला वाट नाही. रोज ऊन रोज गारवा, रोज थोडी वाफ पाण्याचे थेंब होऊन बोर्डवर बसते, पिनांवर हिरवा थर चढतो. आणि ईसीयू लगेच मरत नाही हो, आधी गाडी मधेच आचके देते, कधी चालू होते कधी नाही, आणि माणूस इंजेक्टर आणि पेट्रोल पंप बदलत बसतो.

कंपन्या जे खरंच सीलबंद ईसीयू बनवतात त्यांच्या डब्याला एक छोटी जाळीवजा खिडकी असते, त्यातला पडदा हवा आत बाहेर करू देतो पण पाणी अडवतो. ते घरच्या घरी नीट जमवणं अवघड आहे. आयपी ६७ लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि ती टेस्ट अशा रोजच्या गरम गार होण्याची नसते.

त्यापेक्षा उघडं ठेवा आणि छत्री द्या. म्हणजे वर उतरता पत्रा, खालची बाजू मोकळी, ईसीयू उभा, कपलरचं तोंड खाली किंवा आडवं, वर कधीच नाही. आणि वायर कपलरमध्ये शिरायच्या आधी खाली एक झोळ देऊन मग वर घ्या, वायरवरनं ओघळत आलेलं पाणी त्या झोळातनं टपकतं, पिनेपर्यंत जात नाही. ओलं झालं तरी चालेल, वाळलं पाहिजे. त्यावर बोर्डला कन्फॉर्मल कोटिंगचा (ओलावा अडवणारा पातळ थर) हात मारला तर अजून उत्तम, फक्त कपलरच्या पिना आणि प्रेशर सेन्सरचं भोक टेपनं झाकून मगच स्प्रे मारा.

जिप्सीवाला_गगनबावडा
ताई हे आतल्या हवेचं डोक्यातच आलं नव्हतं. हेडलाइटच्या आत वाफ धरते तेच की हे. पटलं.

पन्हाळा_रोड_७
मी तीन नंबरच्या बाजूनं बोलतो, सीटच्या मागं. गरमी नाही, वजन मागं जातंय, आणि अपघात झाला तर पुढचा भाग चेपतो, ईसीयू वाचतो. बॅटरीपण मागंच ठेवणार असशील ना? मग दोन्ही शेजारी शेजारी, वायर आखूड.

उद्यमनगर_फिटर
बॅटरीच्या शेजारी नको. साध्या ॲसिड बॅटरीतनं चार्जिंगच्या वेळी गॅस निघतोय, ॲसिडचा अंश येतोय, शेजारच्या पिना खाऊन टाकतंय. बॅटरीची थिंबल कशी पांढरी हिरवी होतात बघितलंय की सगळ्यांनी.

आणि सीटच्या मागं म्हणजे फ्लोअरच्या किती वर? सेव्हनचा फ्लोअर जमिनीपासनं चार पाच इंच. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात गॅरेजला ज्या गाड्या आल्या त्यात हेच दिसलं, सीटखाली आणि कार्पेटखाली ज्यांचं इलेक्ट्रॉनिक्स होतं त्या गाड्यांचं पाणी ओसरल्यावरही काम संपेना, डॅशच्या वरच्या अंगाला ज्यांचं होतं त्यातल्या बऱ्याच सुटल्या. २०२१ ला परत तेच. तुझं शेड शिरोलीत, पंचगंगा बाहेर आली की हायवेच बंद होतोय तिथं. पुरात कुणी गाडी चालवणार नाही हे मला कळतंय, पण उभ्या गाडीत पाणी शिरतंय त्याचं काय. जेवढं वर बसवता येईल तेवढं वर.

वायरमन_कागल
लूमचं, म्हणजे वायरींच्या जुडग्याचं, बोलूया आता, कारण जागा शेवटी लूमच ठरवतंय. इंजिनकडनं ईसीयूला किती तारा येतात मोजा, इंजेक्टर, कूलंट, थ्रॉटल, मॅप (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), ऑक्सिजन सेन्सर, इग्निशन, आयडल वाल्व्ह, सगळ्या इंजिनवरच्या. मागनं काय येतंय? पंपाची एक आणि पेट्रोलच्या काट्याची एक. मग ईसीयू मागं नेला तर ह्या सगळ्या वायरी दीड दोन मीटर वाढवायच्या आणि त्यापण टनेलमधनं (दोन सीटच्या मधला बोगदा), प्रोपेलर शाफ्टच्या शेजारनं. प्रत्येक वायरला एक जोड म्हणजे प्रत्येक वायरला एक संभाव्य फॉल्ट. मी तरी करणार नाही.

पंपाचं उलटं आहे. तिथं जाडी बघा. एक स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरला मीटरमागं साधारण १७ १८ मिलीओहम रेझिस्टन्स धरा. पंप ६ अँपिअर ओढतोय, जायला तीन मीटर आणि अर्थिंगचे तीन मीटर, म्हणजे सहा मीटर, हिशोब केला तर ०.६ व्होल्टच्या वर वाटेतच गेले. म्हणून पंपाला अडीच स्क्वेअर एमएम टाक आणि रिले पंपाच्या जवळ मागं बसव, ईसीयूकडनं फक्त रिलेच्या कॉइलची बारीक वायर मागं जाऊ दे.

आणि जोड मारताना सोल्डर करू नकोस. सोल्डर वायरच्या तारांमधनं पुढं झिरपतंय आणि जिथं ते संपतंय तिथं वायर काडीसारखी कडक होते, कंप बसला की बरोब्बर तिथंच तुटते, वरनं स्लीव्ह असल्यामुळं दिसतपण नाही. चांगल्या क्रिंपिंग प्लायरनं क्रिंप, वर गोंदवाली हीट श्रिंक. सगळे जोड एकाच ठिकाणी घेऊ नको, चार चार बोटं मागं पुढं सरकवून घे म्हणजे लूमला गाठ येत नाही.

सर्किट_ताई
वायरमन दादांच्या म्हणण्याला दुजोरा, आणि त्यात भर. पुढं स्टँडअलोन, म्हणजे स्पीडुइनोसारखा वेगळा ईसीयू, टाकताना बहुतेक ३६ वजा १ दात्यांचं ट्रिगर व्हील (क्रँकची जागा सांगणारं, एक दाता गाळलेलं चक्र) आणि मॅग्नेटिक क्रँक सेन्सर येणार. सेल्फ मारताना इंजिन हळू फिरतं तेव्हा त्या सेन्सरचा सिग्नल अगदीच दुबळा असतो आणि नेमकं तेव्हाच सेल्फची मोटर, बॅटरीची जाड केबल आणि इग्निशन कॉइल सगळ्यात जास्त गोंगाट करत असतात. म्हणून ती वायर पिळलेली आणि शील्डवाली घ्या, शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ करा, सेन्सरच्या टोकाला मोकळी सोडा. दोन्हीकडं जोडली तर तीच शील्ड अर्थिंगची वायर होऊन बसते आणि गोंगाट आत आणते. स्पार्क प्लगच्या वायरीपासनं लांब ठेवा, ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडा, शेजारनं पळवू नका.

सेन्सरचं अर्थिंग चासीला नको, ते ईसीयूच्या सेन्सर ग्राउंड पिनेलाच परत आणा. ईसीयूचे पॉवर अर्थ इंजिनच्या हेडवर किंवा ब्लॉकवर एकाच बोल्टला. पावडर कोटिंगवर थिंबल कसू नका, आधी कोटिंग खरवडून पत्रा उघडा करा.

राजारामपुरी_रेसर
भावा एक विचारू का, ही गाडी रोडला पासिंग होणार आहे का? मला पण करायचीय म्हणून विचारतोय.

शिरोलीचा_चासीवाला
रोडसाठी नाही दादा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं ते अजून स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत. सगळी गाडीच नवीन बनवली तर प्रोटोटाइप म्हणून टेस्टिंग एजन्सीकडनं मंजुरी घ्याय लागते, एका गाडीसाठी तो खर्च आपल्यासारख्याला झेपणारा नाही. मी ट्रेलरवर घालून ट्रॅकला नेणार, आणि मळ्यात स्वतःच्या रस्त्यावर. हा विषय मोठा आहे, वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

सगळ्यांचं वाचून मागची जागा मी सोडली. आता फायरवॉलच्या आतल्या अंगाला, काउलखाली, वरच्या आडव्या पाइपला लटकवायचा, हे जवळजवळ नक्की. ड्रायव्हरकडं पेडल बॉक्स आणि स्टिअरिंग कॉलम आहे म्हणून डावी बाजू. पण डाव्या बाजूला नेमकं कुठं, काठाला का टनेलजवळ, ते ठरत नाही.

उद्यमनगर_फिटर
पुठ्ठ्याचा ईसीयू कर. तेवढ्याच मापाचा डबा बनव, कपलर आणि वायरचं वळण धरून, नुसतं डब्याचं माप धरू नको, वायर वळायला अडीच तीन इंच लागतातच. टेपनं चिकटव आणि उंच माणूस शेजारी बसवून बघ, गुडघा लागतोय का. मग काउल वर ठेवून पाण्याचा पाइप सोड, खाली झोपून टॉर्च मारून बघ पाणी कुठनं येतंय. अंदाजानं कोरडी जागा सापडत नसते.

गरमीसाठी टेंपरेचरचे स्टिकर मिळतात, ठिपका एकदा काळा झाला की परत पांढरा होत नाही. ते फायरवॉलच्या आतल्या अंगाला चिकटव आणि इंजिन तापवून बंद कर, अर्ध्या तासानं बघ.

अजून एक, वेल्डिंग. अजून ब्रॅकेट टाकायचे असतील तर ईसीयू जोडायच्या आधी सगळं वेल्डिंग संपव. नंतर एखादा टाका मारायची वेळ आलीच तर बॅटरी काढ, ईसीयूचे कपलर काढ आणि वेल्डिंगचा अर्थ टाक्याच्या जवळच लाव. करंट कुठल्या वाटेनं परत जाईल हे आपण सांगू शकत नाही, तो सेन्सरच्या वायरीतनं गेला तर बोर्ड गेला म्हणून समज.

शिरोलीचा_चासीवाला
पाण्याची टेस्ट केली, आणि लिहायला घाई झालीय कारण जे दिसलं ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं वायपरच्या भोकातनं पाणी पडेल. तिथनं थोडंच आलं. जास्त पाणी बोनेट आणि काउलच्या सांध्यातनं आत येऊन काउलच्या आतल्या कडेनं पळत डाव्या कोपऱ्यात गोळा होत होतं आणि तिथनं थेट त्या आडव्या पाइपवरनं ओघळत पुठ्ठ्याच्या डब्यावर. म्हणजे काठाला लावला असता तर प्रत्येक पावसात अंघोळ. डबा टनेलच्या बाजूला एक हात सरकवला, तिथं काहीच नाही, कोरडा ठणठणीत. सांध्याला आता रबर बीडिंग लावतोय, आणि कोपऱ्यातल्या पाण्याला खाली बाहेर पडायला नळी, अडवायचं नाही, वाट द्यायची.

स्टिकरचं पण बघितलं. टनेलच्या बाजूला फायरवॉलच्या पत्र्यालाच चिकटवलेल्याचा ६५ चा ठिपका काळा झाला, ७१ चा पांढराच. त्याच जागी पत्र्यापासनं चार बोटं लांब हवेत टांगलेल्याचा एकही ठिपका काळा झाला नाही, त्याची सुरुवात ६० पासनं होती. म्हणून ईसीयू पत्र्याला टेकवायचा नाही हे ठरलं. आडव्या पाइपला दोन पट्ट्यांचा ब्रॅकेट, त्यात रबर बुश, इंजिनाचा कंप पाइपमधनं येतोय तो तिथं मरेल. तरी मे महिन्यात परत एकदा बघणार, हे सगळं गारव्यात केलंय.

सर्किट_ताई
ही टेस्ट ज्यांना गाडी बनवायची आहे त्या सगळ्यांनी करावी अशी आहे. रबर बुश घेतलेत तर एक लक्षात ठेवा, ईसीयूची बॉडी मग चासीपासनं तुटते. ज्या ईसीयूला बॉडीवरनं अर्थ लागतो त्याला वेगळी वायर द्या.

आणि पुढच्या स्पीडुइनो मेगास्क्वर्टसाठी आत्ताच एक तरतूद करा. त्या बोर्डांवर बऱ्याचदा मॅप सेन्सर बोर्डवरच असतो, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डपासनं व्हॅक्यूमची नळी ईसीयूपर्यंत न्यावी लागते. नळी जितकी लांब तितका सिग्नल उशिरा आणि गोलसर, थ्रॉटल एकदम दाबला की गाडी अडखळते. तुमची जागा टनेलजवळ आली त्यामुळं हे अंतर आपोआप कमी झालं. नळी मॅनिफोल्डपासनं ईसीयूकडं सतत चढती ठेवा, मधे झोळ नको, नाहीतर पेट्रोलची वाफ तिथं साचून थेंब होतात आणि सेन्सरपर्यंत जातात. वायरला झोळ हवा, नळीला नको. जमलं तर वेगळा मॅप सेन्सर मॅनिफोल्डजवळच लावा आणि ईसीयूकडं फक्त तीन वायर न्या, तो सगळ्यात चांगला उपाय.

हवेचा दाब मोजायचा वेगळा सेन्सर बोर्डवर असेल तर त्याचं भोक मोकळं राहू द्या. कोल्हापूर समुद्रसपाटीपासनं साडेपाचशे मीटरच्या वर, ट्रेलरवर घालून गाडी खाली कोकणात नेली की हवेचा दाब ६ टक्क्यांच्या आसपास वाढतो, इंधनाचा हिशोब तेवढा बदलतो.

पन्हाळा_रोड_७
मी मागच्या जागेचा आग्रह सोडतो. पण लॅपटॉप कसा लावणार? ट्यूनिंग करताना दर वेळी काउल काढणार का?

वायरमन_कागल
काउल काढायची गरज नाही. यूएसबीचं पॅनलवर बसणारं झाकणवालं सॉकेट मिळतंय, ते डॅशच्या खालच्या कडेला टनेलजवळ बसव, आतनं आखूड शील्डवाली केबल ईसीयूला. लांब केबल घेतली तर इंजिन चालू असताना लॅपटॉपचं कनेक्शन मधेच तुटतंय. फ्यूज आणि रिलेचा बॉक्सपण त्याच हाताशी घे, ट्रॅकवर फ्यूज उडाला तर हेल्मेट घालून काउल खोलत बसायला वेळ नसतोय.

फायरवॉलमधनं लूम न्यायचं भोक पाडायच्या आधी सगळ्यात जाड कपलर त्यातनं जातोय का बघ, नाहीतर पिना काढून परत भराय लागतात. भोकाला रबर ग्रोमेट सक्तीचं, पत्र्याची धार महिन्याभरात वायर कापते. भोक ईसीयूच्या पातळीच्या खाली पाड, वर नको, म्हणजे इंजिनकडनं वायरवरनं येणारं पाणी आत चढणार नाही.

आणि वायर कापायच्या आधी सुतळी टाक. प्रत्येक सेन्सरपासनं ईसीयूपर्यंत, ज्या वाटेनं वायर जाणार त्याच वाटेनं, इंजिन माउंटवर हलतंय तेवढा ढील ठेवून. सुतळीला नावाची चिठ्ठी लाव, जमिनीवर पसरव, त्यावरनं लूम बांध.

शिरोलीचा_चासीवाला
सुतळीचं आजच करतो. भोक ४० मिमीचं धरलंय, त्यात मोठा कपलर जातोय, पाठीमागच्या क्लिपसकट मोजला. ब्रॅकेटच्या पट्ट्या उद्यमनगरला लेझरला दिल्यात, आल्या की वेल्डिंग संपवून चासी पावडर कोटिंगला जाणार, आणि अर्थिंगच्या बोल्टच्या जागा आधीच टेपनं झाकून पाठवणार म्हणजे नंतर खरवडाय नको. फिटरदादा, त्या ब्रॅकेटला ६ मिमीचे बोल्ट पुरतील का ८ चे घेऊ?

उद्यमनगर_फिटर
६ चे भरपूर झाले, ईसीयूचं वजन किती असतंय. फक्त नायलॉक नट घे आणि पाइपला आरपार भोक पाडू नको, छोटा टॅब वेल्ड करून त्याला लाव. आडवा पाइप काउलचा आणि डॅशचा भार घेतोय, त्याला कमजोर करू नको.